सूत कातायला शिकायचंय? दोन टोकं आधी बांधा

‘हिंद स्वराज्य’ लिहिलं त्या वेळी आपण चरखा पाहिल्याचं आठवत नाही, असं गांधीजींनी आत्मकथेत सरळ लिहून ठेवलं आहे. पुढे आश्रम सुरू झाला, तरी चरखा काही मिळेना. १९१७ मध्ये भडोचच्या शिक्षण परिषदेत त्यांची गंगाबेन मजमुदारांशी गाठ पडली. या बाईंनी गुजरात पालथा घातला आणि बडोदे संस्थानातल्या विजापुरात चरखा शोधून काढला. (हे कर्नाटकातलं विजापूर नव्हे.) तिथे कित्येक घरांत चरखे होते, पण अडगळ म्हणून टाकून दिलेले. माणसं पुन्हा कातायला तयार होती. त्यांच्या अटी दोनच: पेळू, म्हणजे कातायच्या रुईच्या सुरळ्या, कुणीतरी नियमित पुरवाव्यात आणि कातलेलं सूत कुणीतरी विकत घ्यावं.

म्हणजे साधन घरात होतं, हुन्नरही विसरला नव्हता. काम अडलं होतं ते दोन्ही टोकांना.

एखादी जुनी कला ‘कधीतरी शिकू’ म्हणत वर्षानुवर्षं मागे पडते, तेव्हा वेळ नाही, बोटं ताठरली, शिकवणारं कुणी नाही अशी कारणं आपण देतो. ती खोटी नसतात. पण सूतकताईपुरतं बोलायचं तर खरी अडचण बहुधा विजापूरचीच असते. कातण्याजोगा कापूस हाताशी नसतो आणि कातलेल्या सुताचं करायचं काय, हे ठरलेलं नसतं. ही दोन टोकं आधी बांधून घेतली, तर मधलं काम हात आपोआप शिकत जातो. वयाचं म्हणाल, तर गांधीजी स्वतः कातायला शिकले ते पन्नाशीच्या आसपास. पिंजण्याचे पहिले धडे त्यांनी मुंबईत मणिभवनावरून जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून घेतले. तेव्हा वयाचं कारण बाजूला ठेवून कामाला लागू.

चरखा नको, टकळी घ्या

नव्याने शिकणारा माणूस आधी चरख्याची चौकशी करतो. चरखा महाग असतो, त्याला जागा लागते, चाकावरची माळ सैल पडते, सूत गुंडाळणारी चाती वाकते. मग तो दुरुस्त होईपर्यंत शिकणं लांबतं. टकळीत बिघडण्यासारखं काही नसतं. पितळी चकती, तिच्यातून गेलेली पोलादी तार आणि तारेच्या वरच्या टोकाला बारीक आकडा, बस्स. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळा निघाल्या, तेव्हा लहान मुलांच्या हाती आधी टकळीच दिली जाई. पुढे साध्या प्राथमिक शाळांतही सूतकताईचा तास होता. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांनी तेव्हा टकळी फिरवलेली आहे, आणि त्यांच्यासाठी हे शिकणं अर्धं आठवणंच आहे.

कापसाची टकळी हलकी असावी. लोकरीचा तंतू लांब असतो, म्हणून लोकर कातायला जड चाती चालते. कापसाचा तंतू आखूड, त्याला वजन झेपत नाही. साधारण १५ ते २० ग्रॅम वजन, १५ ते १८ सेंटिमीटर लांबीची तार आणि रुपयाच्या नाण्याएवढी चकती हे माप नवख्याला बरं पडतं. घेताना गुळगुळीत ताटलीत टकळी भोवऱ्यासारखी फिरवून पाहा. ती एका जागी उभी राहून फिरली पाहिजे. लडखडत असेल तर चकती मध्यावर बसलेली नाही किंवा तार वाकडी आहे, ती घेऊ नका.

विकत मिळाली नाही तर घरी होते. सायकलचा जुना स्पोक वरच्या मापाला कापून घ्या, पकडीने वरचं टोक वाकवून आकडा करा, खालचं टोक कानशीने घासून बोथट टोकदार करा. खालून अडीच-तीन सेंटिमीटरवर लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची चकती घट्ट बसवा. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तपासा.

पहिलं टोक: पेळू

पेळू म्हणजे पिंजलेल्या रुईची सैल सुरळी, करंगळीएवढी जाड आणि वीतभर लांब. नवख्याचं निम्मं यश पेळूवर असतं. वाईट पेळूवर कसलेल्या हातालाही सूत साधत नाही, आणि नवखा मात्र ‘आपल्याला जमत नाही’ असं समजून टकळी ठेवून देतो.

म्हणून कोणता कापूस टाळायचा ते आधी पाहू. औषधाच्या दुकानातला कापूस शुभ्र दिसतो, पण तो धुऊन-विरंजन करून त्याच्यावरचं नैसर्गिक मेण काढून टाकलेलं असतं आणि तंतूही बहुधा आखूड असतात. त्यामुळे तंतू एकमेकांवरून नीट सरकत नाहीत. गादीवाल्याकडच्या कापसात पुष्कळदा तुकडे झालेले तंतू आणि जुना कापूस मिसळलेला असतो. सावरीचा कापूस उशीला उत्तम, पण त्याचा तंतू गुळगुळीत आणि ठिसूळ, नुसत्या सावरीचं सूत होत नाही.

चांगला पर्याय म्हणजे तयार पेळू विकत घेणं. खादीचं काम करणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा. वर्ध्याजवळ गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ आणि सेवाग्राम परिसर ही या कामाची जुनी ठिकाणं आहेत. पहिल्या खेपेला १०० ग्रॅम पुरे. पेळू कोरड्या डब्यात, न दाबता ठेवा. दाबलेल्या पेळूतले तंतू एकमेकांना चिकटतात.

कापसाच्या पट्ट्यात तुमचं किंवा नातेवाइकांचं शेत असेल, तर थेट बोंडातला कापूसही वापरता येईल. आज विदर्भ-मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी लावतात त्या अमेरिकन जातींचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर असतो. जुन्या देशी जातींचा त्याहून आखूड आणि जाडसर. पहिल्या शिक्षणाला लांब तंतू सोपा. कापूस तासभर उन्हात वाळवा. गुळगुळीत पाटावर दोन-चार बोंडं ठेवून त्यांच्यावरून लोखंडी सळई दाबत पुढे लाटा, सरकी टपकन पलीकडे पडते. सरकीसकट कापसातून वजनाने जेमतेम तिसरा हिस्सा रुई हाती येते, तेव्हा थोडी निघाली म्हणून खट्टू होऊ नका. रुई बोटांनी मोकळी करा. मग बारीक तारांच्या दोन ब्रशांमध्ये (कुत्र्यामांजरांचे केस विंचरायचे मिळतात ते चालतात) हलकेच ओढून पिंजा, पाटावर पातळ पसरा, पेन्सिलीभोवती गुंडाळा आणि पेन्सिल ओढून घ्या. झाला पेळू.

हे काम गोड आहे, पण पहिल्या महिन्यात नको. बोंडापासून सुरुवात करणारा माणूस सरकी काढण्यातच दमतो आणि कातण्याची पाळी येत नाही. उलट्या क्रमाने शिका. आधी तयार पेळूवर कातणं, मग पेळू करणं, मग पिंजणं, शेवटी सरकी काढणं.

दुसरं टोक: सुताचं काय करणार?

हे कातायला बसण्याआधी ठरवा. ‘नंतर बघू’ म्हटलं की सुताच्या लडी पिशवीत जातात आणि त्यांच्यामागोमाग टकळीही जाते. काही सोपी ठिकाणं अशी:

पहिलं, अगदी ओबडधोबड सूत वटपौर्णिमेला वडाला गुंडाळायला चालतं. तिथे जाड-बारीक कुणी पाहत नाही, तुटलं तर गाठ मारता येते. ज्येष्ठ पौर्णिमा ही नवख्याला छान मुदत आहे. राखीचा दोराही असाच. तुटक्या, गुंतलेल्या सुताच्या आणि उरलेल्या पेळूच्या वाती करा, काही वाया जात नाही.

दुसरं, थोडं बरं सूत जमलं की दोन पदर एकत्र पिळून दुपदरी दोरा करा. क्रोशाने विणायला तो चालतो. जानव्याचं सूत टकळीवर कातण्याची रीत कित्येक घरांत होती, त्यात तर पदर एकत्र पिळण्याचंच कौशल्य असतं.

तिसरं, कापड. इथे एक हिशेब करून ठेवा. ३० सेंटिमीटरचा चौकोनी रुमाल, सेंटिमीटरला १० तार धरले, तर ताण्याला (उभे) ३०० आणि बाण्याला (आडवे) ३०० तार होतात. प्रत्येकी ३० सेंटिमीटर धरून सूत लागेल १८० मीटर, वर मागावरची तूट वेगळी. हे सूत १० नंबरचं असेल (नंबर कसा काढायचा ते पुढे येतंच) तर वजन फक्त ११ ग्रॅमच्या आसपास भरतं. आकडा पाहिला की रुमाल आवाक्यातला वाटतो. माग नसेल तर जुन्या तसबिरीच्या चौकटीला दोन बाजूंनी खिळे ठोकून लहानसं कापड विणता येतं. ताण्याला बाजारचं सूत घ्या आणि आपलं सूत फक्त बाण्याला वापरा. ताण सगळा ताण्यावर येतो, नवख्या हाताचं सूत तो सोसत नाही.

बैठक

जमिनीवर मांडी घालून बसा किंवा पाठ टेकेल अशा खुर्चीत. मांडीवर काळं किंवा गडद निळं कापड अंथरा. पांढरा तार त्यावर लख्ख दिसतो आणि डोळ्यांना ताण येत नाही. उजेड मागून किंवा बाजूने येऊ द्या. पंखा बंद ठेवा. टकळीचं खालचं टोक करवंटीच्या गुळगुळीत तुकड्यात किंवा लहान वाटीत टेकवा. सुरुवातीला टकळी हवेत लोंबकळत सोडू नका, पुरता पीळ न बसलेल्या ताराला तिचं वजन पेलत नाही. बोटं घामेजत असतील तर खडूची चिमूटभर पूड लावा.

हवेचाही परिणाम होतो. कापसाला दमटपणा मानवतो. पावसाळ्यात तंतू नीट धरतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते उडतात आणि तार तटातट तुटतो. त्या दिवसांत सकाळी लवकर काता किंवा जवळ ओलं फडकं टांगा. सुरुवात करायला कोकणात आणि मुंबईत कुठलाही महिना चालेल, इतरांनी जून-जुलै गाठावा.

हात बसवण्याचे चार टप्पे

रोज पंधरा-वीस मिनिटं, ठरलेल्या जागी. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. आधीच्या टप्प्यात हात सहज चालू लागल्याशिवाय पुढच्यात जाऊ नका.

पहिला टप्पा, नुसती टकळी. कापूस घेऊच नका. अंगठा आणि मधल्या बोटाने, चुटकी वाजवावी तशी टकळी फिरवा. दिशा एकच, घड्याळाच्या काट्यांची. नजर दुसरीकडे असताना ती फिरवता आली पाहिजे.

दुसरा टप्पा, नुसता पेळू. आता टकळी बाजूला. डाव्या हातात पेळू चिमणीचं पिल्लू धरावं इतक्या हलक्या हाताने धरा. उजव्या हाताने टोकाचे थोडे तंतू किंचित ओढा, बोटांनी पीळ द्या, पुन्हा ओढा. तंतू एकमेकांवरून सरकतात ती जाणीव बोटांना होऊ द्या. ओढणाऱ्या आणि धरणाऱ्या चिमटीत तंतूच्या लांबीहून थोडं जास्त अंतर हवं. अंतर कमी पडलं तर एकच तंतू दोन्ही हातांत सापडतो आणि कितीही जोर केला तरी काही हलत नाही.

तिसरा टप्पा, थांबत थांबत. वीतभर तयार दोरा टकळीला चकतीच्या वर बांधा, दोन-चार वेढे देऊन वर न्या आणि आकड्यात अडकवा. दोऱ्याचं मोकळं टोक पिंजारून पेळूच्या टोकावर दोन-तीन सेंटिमीटर ठेवा. टकळी फिरवा. पीळ वर चढेल आणि पेळूचे तंतू पकडेल. आता टकळी थांबवून गुडघ्यांमध्ये धरा आणि साठलेल्या पिळावर पेळू हळूहळू मागे ओढा. हातभर तार झाला की पुन्हा फिरवून पक्का पीळ द्या, आकड्यातून काढा, चकतीलगत गुंडाळा, पुन्हा आकड्यात अडकवा.

चौथा टप्पा, चालू टकळीवर. उजव्या हाताने टकळी फिरते आहे आणि डावा हात त्याच वेळी पेळू ओढतो आहे. दोन्ही हातांची गती जुळायला वेळ लागतो. हा टप्पा घाईने येत नाही आणि एकदा आला की सहसा जात नाही.

या टप्प्यात एक गंमत लक्षात ठेवा, पुढची सगळी अक्कल तिच्यातूनच येते. पीळ नेहमी बारीक जागी आधी धावतो. बारीक जागा पिळाने घट्ट होते, जाड जागी पीळ कमी पोचतो, तिथले तंतू सैल राहतात. अशा वेळी तार हलकेच ताणला तर सैल असलेली जाड जागाच सरकते आणि बारीक होते. म्हणजे तार आपणहून सारखा होऊ पाहतो. आपण फक्त अर्धा पीळ असताना ताणायचं आणि सारखा झाल्यावर पुरा पीळ द्यायचा. पुरा पीळ बसल्यावर ताणाल तर गाठ जागची हलणार नाही आणि शेजारची बारीक जागा तुटेल.

बिघडतंय कुठे?

तार तंतू विलग होऊन हळूच सुटतो: पीळ कमी पडला. ओढणं कमी करा, टकळी जास्त फिरवा.

तार तटकन तुटतो: पीळ जास्त, किंवा टकळी जड.

सैल सोडल्यावर तार स्वतःभोवती वेटोळी घालतो: पीळ जास्त आहे. थोडा असायलाच हवा, पण वेटोळी दाट असतील तर टकळी उलटी फिरवून थोडा सोडवा.

पेळूतच पीळ शिरतो आणि दोरखंड होतो: पेळू घट्ट धरला आहे किंवा ओढायला उशीर झाला. थांबा, चिमटीत पीळ अडवा, वरचा भाग उलटा उकला. फारच आवळला असेल तर तेवढा तोडून वातीला ठेवा.

दर वितीला गाठ: पेळू नीट पिंजलेला नाही. इथे दोष हाताचा नाही.

तुटलेला तार जोडताना गाठ मारू नका. टोक पिंजारा, पेळूवर टेकवा, पीळ चढू द्या. हा सांधा साधला की तुटण्याची भीतीच उरत नाही, म्हणून मुद्दाम तार तोडून सांधण्याचा सराव करा.

उतरवणं, उकळणं, मोजणं

टकळी भरली की सूत खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करा. जुन्या हिशेबात ४ फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे सुमारे ७८० मीटर. पहिली गुंडी व्हायला वेळ लागेल, तोवर लहान लडी चालतात. लडीला तीन-चार ठिकाणी सैल दोरा बांधा, चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळा, स्वच्छ धुऊन किंचित वजन अडकवून वाळत घाला. पाणी पिवळट-तपकिरी होतं, ते कापसावरचं मेण आणि मळ. उकळल्यावर पीळ बसतो आणि सूत पाणी शोषू लागतं. ताण्याला वापरायचं असेल तर तांदळाच्या पातळ पेजेची खळ द्या.

सुताचा नंबर घरीच काढता येतो. १०० मीटर सूत मोजून वजन करा. १२ ग्रॅमच्या आसपास भरलं तर साधारण ५ नंबर, ६ ग्रॅम भरलं तर १० नंबर. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. नवख्याने बारीक सुताच्या मागे लागू नये. सारखं आणि मजबूत ५ नंबरचं सूत हे जाड-बारीक १५ नंबरच्या सुतापेक्षा कामाचं. दर महिन्याला एक लहान लड तारीख लिहून वेगळी ठेवा. रोज कातताना प्रगती दिसत नाही, लडी शेजारी ठेवल्या की दिसते.

पुढची पायरी आणि शिकवणारी माणसं

टकळीवर सूत सारखं येऊ लागलं आणि तरी हाताला वेग हवासा वाटला, तरच चरखा घ्या. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी सुधारलेला पेटी-चरखा आजही मिळतो. तो पुस्तकासारखा मिटतो आणि फ्लॅटमध्ये सहज मावतो. तोवर साधनं पाहायची असतील तर वर्ध्याचं, १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय गाठा. सेवाग्राम आश्रमात सूतकताई आजही चालते. तिथे शेजारी बसून हात पाहता येतो, आणि चलच्चित्रात न दिसणारी गोष्ट, म्हणजे पेळू किती सैल धरलाय, ती समजते.

त्याआधी मात्र घरातल्या आणि सोसायटीतल्या ज्येष्ठांना विचारा. शाळेत सूतकताई केलेली एखादी आजी सापडली तर टकळी तिच्याच हातात द्या आणि काही न बोलता तिचा डावा हात पाहा.

मध्ये खंड पडेल. लग्नसराई येईल, आजारपण येईल, टकळी महिना-दोन महिने तशीच राहील. अशा वेळी ‘आता नव्याने सुरुवात’ म्हणून नवीन सामान मागवण्याचा मोह होतो. त्याची गरज नसते. डब्यातला पेळू हलक्या हाताने मोकळा करा, पाचेक मिनिटं दुसऱ्या टप्प्याचा सराव करा आणि टकळीवर अर्धवट राहिलेला तार न तोडता त्याच्याच टोकाला सांधा द्या.